वाईचे देणे

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागले आणि खंबाटकीचा घाट ओलांडला, की सुरूरला उजव्या हाताला एक फाटा फुटतो. मोटारीतल्या बहुतेक मंडळींना तो महाबळेश्वरचा फाटा म्हणूनच ठाऊक असतो. मध्ये वाई नावाचे एक गाव लागते, तिथे चहा मिळतो, मुलांना पाय मोकळे करता येतात आणि मग पसरणीच्या घाटाची वळणे सुरू होतात, एवढीच त्या गावाची त्यांच्या लेखी किंमत. मीही एके काळी त्यांतलाच एक होतो. पुढे त्या गावाने मला पुष्कळ दिले. मी त्याची फेड अशी केली, की नंतर पंचेचाळीस वर्षे त्या फाट्यावरून जाण्याची वेळ आली म्हणजे मी डोळे मिटून झोपेचे सोंग घेत असे.

गेल्या फेब्रुवारीत मात्र मुद्दाम वाईला उतरलो. वय ऐंशीला टेकले आहे. या वयात माणूस तीर्थयात्रेला निघतो, नाहीतर जुनी देणी आठवतो. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच गावी होत्या.

ज्यांनी वाई नुसती मोटारीतून पाहिली आहे त्यांनी एकदा तरी तिथे सकाळी नदीवर जावे. बाजार मागे टाकून पायऱ्या उतरू लागले, की गावाचा गलबला कमी कमी होत जातो आणि कृष्णा समोर येते. वाईला घाट सात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. आळी तितके घाट, आणि घाट तितके उत्सव. हिवाळा सरत आला की कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. तो सगळ्या गावाचा एकदम होत नाही. एका घाटाचा आटोपला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. कृष्णाबाई जणू माहेरवाशीण आहे आणि सात भावांकडे पाळीपाळीने राहायला जाते आहे. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे वाईकर सांगतात.

घाटावरचे सर्वांत मोठे दैवत म्हणजे ढोल्या गणपती. मूर्ती एका अखंड दगडातली आणि नावाला जागेल अशी ऐसपैस. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. शेजारीच काशीविश्वेश्वर आहे. येणारा प्रवासी पुढून दर्शन घेतो, मूर्तीच्या आकाराचे नवल करतो आणि प्रसाद घेऊन परततो. पण या देवळाची खरी मौज मागच्या बाजूला आहे. तिथली भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला म्हणजे पाणी त्या टोकावर दुभंगते आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जाते.

"गणपतीनं कृष्णाबाईला कधी अडवलं नाही. बाजूनं वाट दिली. म्हणून दोनशे वर्षं दोघं शेजारी नांदतात."

हे वाक्य माझ्या एका लेखात छापून आले आणि त्या वर्षी वाचकांनी त्याची फार वाहवा केली. वाक्य माझे नव्हते. ते ज्यांचे होते त्यांची ही हकीकत आहे.

त्यांचे नाव मी इथे देत नाही. ते कसे दिसत, कसे बोलत, काय नेसत, यांतलेही काही सांगणार नाही. असे का, ते पुढे कळेल. ते वाईच्या एका शाळेत शिक्षक होते एवढे पुरे.

१९७४ साली मी मुंबईत नोकरी करून एका साप्ताहिकात प्रवासाचे लेख लिहीत होतो. लेख बरे असत. निदान रेल्वेच्या डब्यात वाचायला बरे असत. एके दिवशी कचेरीच्या पत्त्यावर पाठपोट लिहिलेले चार कागद आले. वाईच्या एका वाचकाने माझे पंधरा लेख पुन्हा वाचून, प्रत्येकातले काय आवडले ते क्रमाने लिहिले होते. शेवटी विनंती होती : "आपण आमच्या कृष्णाबाईवर कधी लिहिले नाही. उत्सवाला यावे. गरिबाघरची भाजीभाकरी गोड मानून घ्यावी."

लेखकाला असे पत्र येणे म्हणजे काय, हे ज्याला आले त्यालाच कळते. मी ते बायकोला वाचून दाखवले, कचेरीत दाखवले, आणि उत्सवाच्या सुमारास स्वारगेटहून वाईच्या गाडीत बसलो.

स्टँडवर ते उभे होते. मला न पाहताच ओळखले म्हणाले, लेखाशेजारी छापलेल्या चित्रावरून. त्या तीन दिवसांत त्यांनी मला सातही घाट दाखवले. देवळाची मागची बाजू पाहायला मला नदीच्या पात्रात उतरवले. पुराचे पाणी कोणत्या साली कोणत्या पायरीपर्यंत चढले होते ते पायरीवर बोट ठेवून सांगितले. एका संध्याकाळी आम्ही मेणवलीला चालत गेलो. नाना फडणविसांचा वाडा, त्याचे चौक, भिंतींवरची फिकी होत चाललेली चित्रे त्यांनी दाखवली. मग वाड्यामागचा घाट, आणि घाटावर टांगलेली ती प्रचंड घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. त्यांनी माझा हात धरून काळोखात त्या मूर्तीवरून फिरवला. "आईच्या कडेवर मूल आहे, एवढंच कळतं. मग ती कुठली का असेना," ते म्हणाले. तेही वाक्य मी पुढे वापरले.

घर दोन खोल्यांचे. पुढे पडवी. घरात ते, पत्नी, वृद्ध आई आणि दोन मुले. मला आतली खोली दिली होती. बाकीची मंडळी कुठे निजतात हा प्रश्न मला त्या तीन दिवसांत सुचला नाही. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ओल्या हळदीचे लोणचे. त्या लोणच्याची मी इतकी तारीफ केली, की पुढे दर वर्षी एक बरणी कोणा ना कोणाबरोबर मुंबईला येऊ लागली. पत्रातले "आपण" जाऊन "तुम्ही" आले. आम्ही मित्र झालो, असे मी म्हणू लागलो.

आता जमाखर्च मांडतो. १९७४ ते १९७९ या वर्षांत मी त्यांच्या घरी आठ वेळा राहिलो. हे एक. वाई ही महाबळेश्वरच्या वाटेवर, म्हणून मे महिन्यात माझा मेहुणा सहकुटुंब त्यांच्याकडे उतरला. त्याच्या मागून माझे आतेभाऊ. एकदा तर कचेरीतल्या साहेबांची बायकामुले. मी नुसती चिठ्ठी देत असे : "हे आपलेच आहेत. सोय करावी." सोय होत असे. साहेबांच्या बायकोने परत आल्यावर लोणच्याचे कौतुक केले आणि त्या वर्षी मला बढती मिळाली. लोणच्यामुळे मिळाली असे मी म्हणत नाही, पण आड तर ते आले नाही. हे दुसरे.

तिसरी गोष्ट वहीची.

१९७७ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला एक वही दिली. जाड पुठ्ठ्याची, सुवाच्य अक्षरात लिहिलेली. त्यांचे वडील आणि मागून ते स्वतः, अशा दोन पिढ्यांनी जमवलेली घाटांची माहिती तिच्यात होती. पुराच्या खुणा, उत्सवाचे क्रम, म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेल्या आठवणी. त्या वर्षी वाईत विश्वकोशाचा पहिला खंड निघून वर्षच झाले होते आणि गावात पुस्तकांची हवा होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या गावात बसून साऱ्या जगाची माहिती मराठीत आणत होते, त्या गावाच्या सात घाटांवर एखादे छोटे पुस्तक असावे, असे त्यांना वाटे. हे सांगताना ते फार संकोचले होते. "तुमच्या ओळखीनं कोणी छापणारा मिळाला तर पाहा. घाई नाही. भाषा तेवढी तुमच्या हातून सुधारून घ्यावी, अशी इच्छा आहे."

मी "बघू या" म्हणालो. मराठीत या दोन शब्दांइतके स्वस्त काही नाही.

वही मुंबईला आली. कोणाही प्रकाशकाला मी ती दाखवली नाही. तिच्यातून मी तीन लेख काढले. हाताशी तांबडी पेन्सिल होती, तिने उपयोगी मजकुराखाली खुणा केल्या. लेखांत वहीचा उल्लेख नव्हता. मनाची समजूत घालायला कारणे पुष्कळ असतात. माहिती काय, ती गावाची असते. लेखनाला हात माझा लागला. शिवाय त्यांना आनंदच होईल. आणि गंमत अशी, की त्यांना आनंद झाला. "आमची वाई महाराष्ट्रभर गेली" असे त्यांचे पत्र आले. वहीबद्दल अक्षर नाही. मी सुटलो असे वाटले.

चाहत्याशी मैत्री करण्यात हाच मोठा धोका असतो. त्याच्याकडे काही मागावेच लागत नाही. आपण मागण्याआधी तो देतो आणि दिल्यावर तोच आभार मानतो. मग घेणाऱ्याची जीभ "मागणे" विसरते आणि हळूहळू "विचारणे"ही विसरते. त्या पाच वर्षांत मी त्यांना एकदाही विचारले नाही, की तुमचे कसे चालले आहे? पाहुण्यांचा खर्च तुम्हांला झेपतो का? वहीचे काय करू? ते माझ्या लेखांविषयी बोलत आणि मीही माझ्या लेखांविषयीच बोले. याला मी गप्पा म्हणत असे.

१९७९ च्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी काहीतरी खुसखुशीत मागितले. तेव्हा प्रवासलेखात एक विनोदी माणूस असला म्हणजे लेख फार रंगे. मला माणूस शोधायला लांब जावे लागले नाही. गाव दाखवणारा एक भाबडा मास्तर मी रंगवला. त्याची लकब, त्याचे चालणे, पाहुण्यापुढे त्याची उडणारी धांदल, लेखकाची प्रत्येक ओळ पाठ असणे आणि ती चुकीच्या ठिकाणी म्हणून दाखवणे. नाव दिले नव्हते. थोडे खरे होते, थोडे पदरचे होते. लेख फार गाजला. गाडीत अनोळखी माणसे मला त्यातली वाक्ये म्हणून दाखवीत आणि मी हसत असे.

१९८० च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला निघालो आणि नेहमीप्रमाणे न कळवता वाईला उतरलो. ते घरी होते. "या," म्हणाले. पण आम्हांला पडवीतच बसवले. खुर्च्या मांडल्या. चहा बशीसकट कपातून आला. एरवी मी थेट स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसत असे. उन्हाळा, गर्दी, पाण्याची टंचाई अशा चार गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, "आपला दिवाळीचा लेख वाचला. साऱ्या आळीनं वाचला."

"तुम्ही"चे पुन्हा "आपण" झाले होते. ते माझ्या कानांवरून गेले, पण आत उतरले नाही.

"आवडला ना?" मी विचारले. खरेच विचारले.

ते थोडे थांबले. "वहीचं काम झालं असेल तर परत मिळावी," म्हणाले. "सवडीनं." आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. स्टँडवर आले नाहीत. सहा वर्षांत प्रथमच.

पसरणीच्या घाटात गाडीने दोन वळणे घेतली आणि बायकोने विचारले, "तुम्ही त्यांच्याविषयी काय लिहिलं होतंत हो?"

ती आत वहिनींशी बोलली होती. वहिनींनी तक्रार केली नव्हती, नुसती हकीकत सांगितली होती. त्यांच्या घरी दर दिवाळीला ते स्वतःच्या पैशाने अंक विकत आणीत आणि माझा लेख मोठ्याने वाचीत. आई, मुले, शेजारची चार माणसे ऐकायला बसत. त्या वर्षीही बसली होती. भाबडा मास्तर आला तेव्हा मुलगा मोठ्याने हसला, कारण तो कोण हे त्याला कळले नव्हते. मग कळले. ते आणखी चार ओळी वाचत राहिले आणि थांबले. म्हाताऱ्या आईने विचारले, "पुढं काय झालं रे?" ते म्हणाले, "पुढचं कंटाळवाणं आहे." आणि अंक मिटून ठेवला.

मला त्या घाटात गाडी लागली. बायकोला वाटले, वळणांमुळे.

मुंबईला परतल्यावर वही बाहेर काढली. पानोपान माझ्या तांबड्या खुणा. रबराने खोडायला गेलो तर कागद खरवडला आणि शाईही फिसकटली. तशीच रजिस्टर पोस्टाने पाठवली. सोबत पत्र लिहायला बसलो. ज्याने शेकडो पाने लिहिली होती त्याला त्या दिवशी चार ओळी सुचेनात. "क्षमा" हा शब्द लिहिला की तो माझ्या लेखातल्यासारखा वाटे. अखेर पत्राशिवाय वही गेली. आठ दिवसांनी पोचपावती आली, तिच्यावर त्यांची सही. त्यांच्या हातचे माझ्याकडे आलेले शेवटचे अक्षर तेच. पुढच्या दोन दिवाळ्यांना मी शुभेच्छा पाठवल्या. उत्तर आले नाही. मी जायला हवे होते. गेलो नाही. त्यांच्या रागाला मी भीत नव्हतो. ते रागावणार नाहीत, खुर्ची मांडतील आणि कपबशीतून चहा देतील, याची मला भीती होती.

घाटांवरचे ते पुस्तक कधी निघाले नाही. निघाले असते तरी लोक म्हणाले असते, हे तर अमक्यांच्या लेखांतले आहे. चोरीचा खरा पेच हाच. माल तर जातोच, आणि वर मूळ मालकच चोर दिसू लागतो.

गेल्या फेब्रुवारीत ही सारी वाट मनात घेऊन मी वाईत फिरलो. गाव वाढले आहे. मेणवलीच्या घाटाला आता लोक 'स्वदेस'चा घाट म्हणून ओळखतात. तो चित्रपट २००४ साली आला. मुले घंटेपाशी उभी राहून फोटो काढत होती. वाड्यातले नानांचे दप्तर कधीच बाहेर गेले, आधी साताऱ्याला आणि मग पुण्याला डेक्कन कॉलेजात. मोठ्या माणसांचे कागद असे जपले जातात. एका शिक्षकाच्या वहीचे काय झाले असेल?

त्यांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. खाली औषधांचे दुकान आहे. दुकानातल्या तरुणाला विचारले, तर त्याने आपल्या वडिलांना हाक मारली. ते म्हणाले, "मास्तरांना जाऊन वीसएक वर्षं झाली. मुलं बाहेरगावी असतात. आपण कोण?"

"त्यांच्याकडे येत असे पूर्वी," मी म्हणालो. याहून अधिक सांगण्याचा मला हक्क नव्हता.

संध्याकाळी गणपती आळीच्या घाटावर बसलो होतो. नगरकडची काही मंडळी आली होती. गावातला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा त्यांना हौसेने सारे दाखवत होता. देवळाला वळसा घालून त्याने त्यांना मागच्या बाजूला नेले. निमुळत्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गणपतीनं कृष्णाबाईला कधी अडवलं नाही. बाजूनं वाट दिली. म्हणून अडीचशे वर्षं दोघं शेजारी नांदतात."

त्याने वर्षांचा हिशेबसुद्धा आजचा केला होता. मंडळी निघून गेल्यावर मी त्याला विचारले, "हे तू कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. आमच्या आजोबांना त्यांच्या मास्तरांनी सांगितलं होतं. आजोबा इथं आणून सगळ्यांना सांगतात."

माझे ते तीन लेख आता कोठे मिळायचे नाहीत. साप्ताहिक बंद पडले, अंक रद्दीत गेले. वाक्य मात्र ज्या गावचे होते त्या गावातच राहिले, ज्याचे होते त्याच्याच नावावर राहिले. त्याला माझ्या छपाईची कधी गरज नव्हती. मला फार बरे वाटले, आणि फार एकटेही वाटले.

महाबळेश्वरला जाताना वाईला थांबा. ढोल्या गणपतीचे पुढून दर्शन घ्या आणि मग देवळाच्या मागे, पात्राकडच्या बाजूला अवश्य जा. कोणी आपण होऊन दाखवायला आले तर त्याचे नाव विचारा, घरी कोण कोण असते ते विचारा. कोणी घरी जेवायला बोलावले तर जा, पण परत आल्यावर पत्र लिहा आणि त्यात स्वतःविषयी थोडे कमी लिहा.

या लेखात त्यांचे वर्णन का नाही, ते आता लक्षात आलेच असेल. ते कसे दिसत ते मला अजून लख्ख आठवते. चार ओळींत ते मी तुमच्यापुढे उभे करू शकेन, आणि तुम्हांला ते आवडतीलही. पण एकदा मी न विचारता ते केले होते. आता विचारायला ते नाहीत.